मीरा रोडचे कानसेन

मीरा रोडला वन बीएचकेतून टू बीएचकेत जायचं म्हणजे निदान पंचवीस लाखांची उडी. ज्यांना झेपते ते मारतात. ज्यांना झेपत नाही ते बाल्कनीला ग्रील ठोकून तिलाच बेडरूम म्हणतात. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी हेडफोन घेतला.

त्यांना आपण कानसेन म्हणू. तानसेन होण्याची हौस त्यांना कधीच नव्हती. बाथरूममध्येही ते गात नाहीत. वय पंचेचाळिशीच्या पुढे, चर्चगेटजवळच्या कुठल्याशा कंपनीत अकाउंट्सला, शर्ट गेल्याच्या गेल्या दिवाळीचा, चप्पल स्टेशनबाहेरची. ही जमात शांतीनगरच्या सेक्टरांपासून भाईंदर पश्चिमेपर्यंत विखुरलेली आहे, पण चटकन नजरेत भरत नाही. खूण एकच. कानावर जे असतं त्याची किंमत अंगावरच्या बाकी सगळ्या ऐवजापेक्षा जास्त असते. आणि ‘केवढ्याला पडला?’ असं विचारलं, की एरवी मटाराचा भाव रुपया-दोन रुपयांसकट सांगणारा हा माणूस खिडकीबाहेर बघायला लागतो.

सुरुवात २०२० साली झाली. टाळेबंदीत साडेचारशे चौरस फुटांत चार माणसं: यांची मीटिंग हॉलमध्ये, शिक्षिका असलेल्या वहिनींचा ऑनलाइन वर्ग स्वयंपाकघरात, मुलीची शाळा बेडरूममध्ये आणि आईंची मालिका पुन्हा हॉलमध्येच. मार्चअखेरच्या ताळेबंदावर बोलताना साहेबांना सुनेच्या छळाचे संवाद ऐकू जाऊ लागले, तेव्हा कानसेनांनी दीड हजारांचे चिनी इअरफोन मागवले. कामासाठीच. रात्री सहज म्हणून त्यांवर एक जुनं गाणं लावलं, आणि एक वाजता वहिनींना हलवून उठवलं. “अगं, लताबाई श्वास कुठे घेतात ते कळत नाही म्हणतात ना? कळलं!”

“घेणारच. माणूस आहे ती. झोपा.”

पण झोपणार कोण? दीड हजारांत श्वास ऐकू येतो, तर तीस हजारांत काय काय ऐकू येईल, हा हिशेब अकाउंट्सच्या माणसाला टाळता आला नाही. मग सेनहायजरचा एचडी ६०० आला. हे मॉडेल १९९७ चं. मधल्या काळात कंपनीनं हेडफोनचा धंदाच दुसऱ्याला विकला, तरी हा गडी अजून बाजारात उभा आहे, आणि कानसेनांच्या बैठकीत त्याला घरातल्या थोरल्या काकांचा मान आहे. पण काकांचा स्वभाव अवघड. ३०० ओमचा हा हेडफोन साध्या मोबाइलच्या ताकदीवर पुरता जागा होत नाही. म्हणून अँप. अँप आला तेव्हा कळलं, की मोबाइलच्या पोटातलं आकड्यांचा आवाज करणारं यंत्र, म्हणजे डॅक, अगदीच सामान्य आहे. म्हणून वेगळा डॅक. डॅक आणि अँप जोडायला केबल. चांगली केबल आली तर एमपीथ्री गाणी लावणं म्हणजे तिचा अपमान, म्हणून फ्लॅक फायली, त्या ठेवायला डिस्क. हेडफोन टेबलावर नुसता पडलेला बरा दिसत नाही, म्हणून अक्रोडाच्या लाकडाचा स्टँड. कानाच्या गाद्या दोन-तीन वर्षांत चेपतात, त्या बदलायच्या, त्याही कंपनीच्याच, कारण दुसऱ्या गादीनं आवाज बदलतो. (हे खरं आहे, बरं का. कान आणि हेडफोनचा पडदा यांतलं अंतर बदललं की आवाज बदलतोच. कानसेनांची पंचाईत अशी, की त्यांच्या दहा गोष्टींतल्या सहा खऱ्या असतात आणि उरलेल्या चारही ते त्याच चेहऱ्यानं सांगतात.)

दीड हजारांवरून तीस हजारांवर गेलं की फरक माझ्यासारख्या औरंगजेबालाही कळतो. तीस हजारांवरून लाखावर गेलं की फरक कळायला शांत खोली लागते. लाखाच्या पुढे श्रद्धा लागते. फ्रान्सच्या फोकल कंपनीचा युटोपिया २०१६ साली आला तेव्हाच ४ हजार डॉलरचा होता. चीनच्या हायफायमननं सुस्वारा काढला तो ६ हजारांना. आणि या सगळ्यांच्या वर, गाभाऱ्यात, सेनहायजरचा एचई १. बाजारात आला तेव्हाची किंमत ५० हजार युरोंच्या घरात. इटलीतल्या काराराच्या संगमरवरात बसवलेला अँप, आणि बटण दाबलं की त्यातून आठ व्हॅक्यूम ट्यूब सावकाश वर येतात. त्याचा फोटो कानसेनांच्या मोबाइलमध्ये मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोंशेजारी आहे.

“एवढ्यात नायगावला वन बीएचके येईल हो,” मी म्हटलं.

“येईल. पण वन बीएचकेमध्ये इतकं सेपरेशन मिळत नाही.”

तसं चांगल्या आवाजासाठी जडशीळ वस्तू लांबून वाहून नेणं या पट्ट्याला नवीन नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी खाडीपलीकडची वसई जिंकली, तेव्हा मराठ्यांनी पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा उतरवून थेट घाटावर नेल्या आणि देवळांत टांगल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यातलीच म्हणतात. फरक इतकाच, की त्या मंडळींना कस्टम ड्युटी नव्हती आणि घरी पोचल्यावर खोका उघडून दाखवावा लागला नाही.

आता इतका खर्च करून ऐकतात काय? पाहुणा आला की ईगल्सचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’. तेही १९९४ चं, प्रेक्षकांसमोर वाजवलेलं. जगभरात नवा हेडफोन तपासायचा तो या गाण्याच्या सुरुवातीच्या ढोलावर, असा जणू शास्त्रार्थच आहे. मी ते कानसेनांकडे अनेकदा ऐकलं आहे. शेवटपर्यंत एकदाही नाही. ढोलाचा पहिला ठोका पडला की ते माझ्या कानावरचा हेडफोन काढून दुसरा चढवतात आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत बसतात. “कळला फरक? यात स्टेज रुंद आहे. त्यात बेस जरा सैल होता. घट्ट वाटतोय ना आता?” मी “घट्ट” म्हणतो. कॅलिफोर्नियाच्या त्या हॉटेलात पुढे काय झालं, ते मला आजतागायत ठाऊक नाही.

पाहुणे गेल्यावर मात्र ते अब्दुल करीम खाँसाहेब लावतात. ही त्यांची खरी आवड, वडिलांकडून आलेली. खाँसाहेब गेले १९३७ साली. ध्वनिमुद्रण ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकडीवरचं, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, डावा-उजवा असा भेद नाही, आणि सुईची खरखर गाण्याइतकीच ठळक. वडील हे गाणं मर्फीच्या रेडिओवर ऐकून डोळे पुसायचे. मुलगा दीड-दोन लाखांच्या सामग्रीतून तीच खरखर ऐकतो आणि म्हणतो, “टेक्स्चर बघा!” डोळे तोही पुसतो, पण त्याआधी फाइल किती बिटची आहे ते बघून घेतो.

कानसेनांच्या संसारातला खरा पेच उघड्या पाठीचा आहे. आवाज मोकळा यावा म्हणून हे भारी हेडफोन मागून जाळीदार ठेवतात. त्यामुळे गाणं डोक्याच्या आत न कोंबता भोवती पसरल्यासारखं वाटतं. पण जाळी दोन्ही बाजूंनी जाळीच. आतलं बाहेर जातं, बाहेरचं आत येतं. म्हणजे जगाचा गोंगाट विसरायला ज्या वस्तूवर पगार ओतला, तिच्यातून कुकरच्या तिन्ही शिट्ट्या, रस्त्यावरच्या मेट्रोच्या कामाची घरघर आणि आईंच्या मालिकेतली सून असा सगळा परिवार खाँसाहेबांच्या साथीला येऊन बसतो. बंद पाठीचे हेडफोन मिळतात की, असं मी सुचवलं, तर कानसेन दुखावले. “त्यात स्टेज नाही हो.” शेवटी वहिनींशी तह झाला: नऊनंतर कुकर लावायचा नाही. वहिनींनी तो पाळलाही. नऊनंतर त्या मिक्सर लावतात. तक्रार करायलाही जागा नाही, कारण आधुनिक हेडफोनचा जन्मच मुळी स्वयंपाकघरातला. १९१० साली अमेरिकेतल्या युटामध्ये नॅथॅनिएल बाल्डविननं ते स्वतःच्या स्वयंपाकघरात बनवले आणि नौदलाकडे धाडले. नौदलानं शंभर मागवले, तर हा म्हणाला, एका वेळी दहाच होतील. त्याच्या बायकोनं काय सोसलं असेल ते इतिहासानं नोंदवलेलं नाही. वहिनींना ते नोंद नसतानाही कळतं.

वहिनींनी खर्चावरून कधी भांडण केलं नाही. त्यांनी नियम केला. घरात जितक्याची वस्तू येईल, तितक्याच रकमेची एफडी त्यांच्या नावावर. बिल दाखवलं नाही तर त्या कुरिअरचा खोका घेऊन बसतात आणि वरचा मॉडेल नंबर मुलीला शोधायला लावतात. त्यामुळे कानसेनांना प्रत्येक गोष्ट दुप्पट किमतीला पडते, आणि त्या घरात संगीतामुळे जर कुणाचं भलं झालं असेल तर ते वहिनींचं. आता तर कधी दोन-तीन महिने काहीच आलं नाही, की त्याच विचारतात, “अहो, नवीन काही निघालं नाही का बाजारात?”

एक घाव मात्र मुलीनं घातला, आणि तोही नकळत. माणसाचा कान २० ते २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो असं शाळेच्या पुस्तकात असतं. ते तरुण कानाचं माप. वय वाढतं तसं वरचं टोक झिजत जातं. त्याला कुठलीही केबल उपाय नाही. मुलीला शाळेत प्रकल्प होता, म्हणून तिनं बापाच्याच हेडफोनवर चढते सूर लावले. दहा हजारला कानसेन म्हणाले, “स्वच्छ!” बाराला म्हणाले, “आहे.” नंतर बराच वेळ ते डोळे मिटून वाट बघत बसले.

“लाव की गं पुढचं.”

“बाबा, केव्हाच लावलंय. मला इथे बसून टोचतंय.”

ती सोळा हजारवर होती. हेडफोनच्या खोक्यावर तर चाळीस हजाराच्या आसपासचा आकडा छापलेला. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, की वरचे सूर ऐकू येत नसतात, ते जाणवतात. हे त्या चार गोष्टींपैकी की सहांपैकी, ते वाचकांनी ठरवावं.

लोकलमध्ये त्यांचा वेगळा संच असतो. ब्लूटूथ नाही, ब्लूटूथचं नाव काढलं तर शुद्ध तुपाच्या दुकानात डालडा मागितल्यासारखं बघतात. वायरवाले, बावीस हजारांचे. त्या पैशांत चर्चगेटचे काही वर्षांचे पास निघाले असते. एका पायावर उभे, कोपर कुणाच्या तरी डब्याच्या पिशवीत, वायर तिसऱ्याच्याच बॅगेच्या चेनमध्ये अडकलेली, आणि दहिसर आलं की ती वायर सोडवायला चौघं मदत करतात. किंमत कळली तर एकही हात लावणार नाही.

जमातीची बाकीची मंडळी भेटतात ती जुन्या मालाच्या व्यवहारात. ठिकाण दादरचा पूल. दोन अनोळखी पुरुष समोरासमोर येतात, पिशवीतून खोका निघतो, एक जण कानाला काहीतरी लावून डोळे मिटतो, दुसरा त्याच्या पापण्यांकडे बघत राहतो, आणि गर्दी दोघांना शिव्या घालत वळसा घेते. विकणारा दर वेळी एकच सांगतो: आता थांबलो, हा शेवटचा. ‘एंडगेम’ हा त्यांचा मोक्ष आहे. कानसेनांना तो तीनदा मिळून गेला.

तिसऱ्या मोक्षानंतर त्यांना हुंकार ऐकू येऊ लागला. गाणं थांबलं तरी मागे एक बारीक ‘हूंऽऽ’. अँप बदलला, तरी हूं. पॉवर कंडिशनर आणला, तरी हूं. (एफडी झाली.) मग त्यांनी वाचलं, की जपानमध्ये एका वकिलानं स्वच्छ विजेसाठी घराजवळ स्वतःचा विजेचा खांब रोवून घेतला. बातमी खरी होती, २०१६ साली जगभर गाजलेली. झालं. सोसायटीच्या वार्षिक सभेत आयत्या वेळच्या विषयांत कानसेन उभे राहिले आणि मीटर रूमपासून चौथ्या मजल्यापर्यंत स्वखर्चानं स्वतंत्र वायर टाकायची परवानगी मागितली.

“एसीसाठी?” सेक्रेटरींनी विचारलं.

“गाण्यासाठी.”

तोवर सभा पाण्याच्या टँकरवरून पेटलेली होती, ती एकदम गप्प झाली. मग खजिनदार म्हणाले, गणपतीत दहा दिवस सगळ्यांसाठी गाणी लागतातच की. तळमजल्यावरच्या काकूंनी भजनी मंडळाचा माइकही त्याच वायरवर घ्यावा अशी सूचना केली, तिला अनुमोदनही मिळालं. अखेर, आधी सोसायटीच्या वायरमननं पाहून जावं, असं ठरलं.

वायरमन आला. त्यानं चपला बाहेर काढल्या, डॅककडे, अँपकडे, बोटभर जाड केबलकडे आदरानं पाहिलं, आणि टेबलामागचा प्लगपॉइंट उघडून टेस्टर लावला.

“साहेब, याला अर्थिंगच नाही.”

“म्हणजे?”

“वरचं भोक नुसतं शोभेचं आहे. बिल्डरनं वायरच टाकलेली नाही. जुन्या बिल्डिंगांत अर्ध्या घरांचं हेच.”

पॅसेजमधल्या बोर्डापासून हिरवी वायर ओढून द्यायचे त्यानं साडेचारशे रुपये घेतले. हूं गेला. वहिनींनी साडेचारशेची एफडी होत नाही म्हणून ते माफ केले.

मला वाटलं, आता हा माणूस सुखानं गाणं ऐकेल. चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं, हेडफोन चढवला, आणि काहीच लावलं नाही.

“ऐकलंत? बॅकग्राउंड किती काळं झालंय!”

“छान आहे की मग.”

“छान कसलं? हुंकार होता तोवर झाकलं जात होतं सगळं. आता केबलचा दोष उघडा पडलाय. ही तांब्याची आहे ना. चांदीची घ्यावी लागणार.”

आतून मिक्सर थांबला. “केवढ्याची ते आधी सांगा,” वहिनी म्हणाल्या, “उद्या मला बँकेत जायचंच आहे.”