पंचेचाळीस अंशांतला गारवा

जळगावात मे महिन्यात ‘गारवा’ ऐकायचा तर आधी कूलर बंद करावा लागे. आमचा पत्र्याचा कूलर पिठाच्या गिरणीशी नातं सांगणारा. त्याच्यापुढे मिलिंद इंगळ्यांचा मऊ आवाज काय टिकणार? म्हणजे खरा गारवा घालवायचा आणि कॅसेटमधला घ्यायचा. असा सौदा करणाऱ्याला रसिक म्हणावं की वेडा, यावर घरात एकमत नव्हतं.

नव्वदीच्या दशकाअखेरीस ही कॅसेट आली. चाली आणि गळा इंगळ्यांचा, शब्द सौमित्रचे, म्हणजे नट किशोर कदमांचे. सौमित्र आधी कविता म्हणणार, मग गाणं अलगद सुरू होणार. भांडण नेमकं तिथेच. धुळ्याच्या मामांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला, “आधी बोलस, मंग गास. हाई गानं शे का भाषन?” धुळ्याहून येताना जीपमध्ये ते प्रत्येक कविता पुढे ढकलायचे, पारोळा ते एरंडोल नुसती गाणी. आई उलट. दुपारची धुणीभांडी उरकली की ती फक्त कविता ऐकायची आणि गाणी पळवायची. दोघांनाही कॅसेट फार आवडली होती. फीत सैल पडली ती दोघांच्या आवडीने, आणि पेन्सिल घालून ती घट्ट करायचं काम माझं.

काकांचा आक्षेप वेगळाच. त्यांची कोरडवाहू कपाशी. एवढा पाऊस पडला, मग विहिरीला पाणी किती आलं, ते कुठल्याच गाण्यात सांगत नाहीत म्हणे. मला आजही हा मुद्दा बिनतोड वाटतो.

खरे समीक्षक बाबा. अरुण दात्यांवर वाढलेला माणूस. ते एवढंच म्हणाले, “गोड आहे.” पंगतीत ही दाद असेल, गाण्याच्या बाबतीत आमच्याकडे ती जन्मठेप. मी फारच पिच्छा पुरवला तेव्हा म्हणाले, “पुरणाचे मांडे वाढले, तिखट रशी विसरले.”

तसं पाहिलं तर दाद देण्यात आमचं गाव कंजूष नाही. 1907 साली इथे भरलेल्या कविसंमेलनात ठोमरे नावाच्या पोरसवदा मुलाची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ करून टाकलं. बहिणाबाईंच्या वाट्याला मात्र हे सुख आलं नाही. जात्यावर, शेतात स्वतःच रचायचं आणि स्वतःच गायचं. 1951 मध्ये त्या गेल्या आणि पुस्तक आलं 1952 मध्ये, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. तोवर त्यांच्या गाण्यांचं परीक्षण केलं असेल ते आसोद्या-जळगावच्या बायाबापड्यांनी. त्यांतल्या कुणी ‘गोड आहे’ म्हणून हात झटकले असतील, असं वाटत नाही. जातं ओढताना तेवढी फुरसत कुणाला?

त्याच मे महिन्यातली एक दुपार. मी आतल्या खोलीत पडलो होतो. अचानक कूलर थांबला. वीज गेली म्हणावं तर टेपची कळ दाबल्याचा खट्‌ आवाज आला, आणि मागोमाग सौमित्र. कविता झाली, गाणं झालं. काहीच पुढे ढकललं गेलं नाही. बाहेर येऊन पाहतो तो बाबा आरामखुर्चीत, कपाळावर घाम, डोळे मिटलेले.

“कूलरमधलं पाणी संपलं बहुतेक,” डोळे न उघडता ते म्हणाले.

सकाळीच मी चार बादल्या ओतल्या होत्या.