केसभर मागे

आमच्या पुण्याच्या सोसायटीत रविवारी सकाळी आठला दोन गोष्टी नेमाने सुरू होत: गच्चीवरचा योगवर्ग आणि पार्किंगमधली माझी पद्मिनी. पैकी योगवर्ग पहिल्या प्रयत्नात सुरू होई.

गाडी 1978ची, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, 1089 सीसीची, गिअर स्टिअरिंगला. वडील तिला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत, ‘पद्मिनी’ म्हणून चारचौघांत हाक मारणं त्यांना प्रशस्त वाटत नसावं. 2023च्या ऑक्टोबरात मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाल्या, तेव्हा मला एकदम भरून आलं आणि मी जाहीर केलं, की यापुढे हिची सेवा मी माझ्या हातांनी करणार. बायको म्हणाली, “म्हणजे आता ही पण जाणार.”

तक्रार तशी किरकोळ. सिग्नलला उभी राहिली, की गाडी बंद पडे. मी पुस्तक उघडून बसलो आणि कळलं, की सगळा खेळ वेळेचा आहे. सिलिंडरमध्ये ठिणगी पडली म्हणजे पेट्रोल लगेच जळून मोकळं होत नाही, त्याला थोडा अवधी लागतो. म्हणून पिस्टन वर टोकाला पोचायच्या आधीच ठिणगी पाडायची. किती आधी, तर काही अंश. हिशेब केला. इंजिन मिनिटाला 800 फेऱ्या घेत असेल, तर 5 अंश म्हणजे सेकंदाचा जेमतेम एक हजारावा भाग. हा मुहूर्त गाठायचा कोणी? ज्याने सख्ख्या बहिणीच्या लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर अक्षता वाटायला घेतल्या, त्याने.

पद्धत मात्र सोपी निघाली. 12 व्होल्टच्या बल्बची एक वायर डिस्ट्रिब्युटरला, दुसरी बॉडीला. पॉइंट उघडले, की बल्ब लागतो. तोच ठिणगीचा क्षण. इंजिन हळूहळू फिरवायला गाडी टॉप गिअरमध्ये टाकून ढकलायची. मी बल्बपाशी, बायको डिकीपाशी.

“लागला का हो?”

“नाही. अजून थोडी. अगं, लागून गेला! मागे घे.”

मागे घेतल्यावर नुसतं खुणेवर थांबून चालत नाही, बरंच मागे जाऊन पुन्हा पुढे यावं लागतं, नाहीतर दातऱ्यांमधला ढिलेपणा मोजमापात शिरतो, हे मी तिला समजावून सांगत होतो. सांगून वर पाहिलं, तर डिकीपाशी कोणी नव्हतं.

उरलेलं काम वॉचमनच्या मदतीने उरकलं आणि सेल्फ मारला. कार्ब्युरेटरमधून असा बार निघाला, की दुसऱ्या मजल्यावरचे नाना गॅलरीत आले. “वरात कुणाची?” त्यांनी विचारलं. झालं होतं एवढंच, की पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो, एकदा मिश्रण दाबायला आणि एकदा धूर बाहेर ढकलायला. मी दुसरी खेप पकडली होती. प्लग काढून भोकावर अंगठा ठेवला असता, तर हवेने अंगठा उडवून खरी खेप सांगितली असती. हे नंतर वाचलं. उपयोगी मजकूर पुस्तकात नेहमी पुढच्या पानावर असतो.

मग आयडलिंग. टायमिंग पुढे घेतलं, की इंजिन पळू लागतं. म्हणून आयडलचा स्क्रू सैल केला, तर ते गचके देऊ लागलं. म्हणून मिक्श्चरचा स्क्रू फिरवला, तर वेग पुन्हा बदलला, म्हणून पुन्हा पहिला स्क्रू. एकत्र कुटुंबात मोठ्या जावेला साडी घेतली, की जे होतं ते. सलग चार रविवार मी समजूत काढत होतो, आणि दर सोमवारी गाडी डेक्कनच्या सिग्नलला बंद.

पाचव्या रविवारी मेस्त्री आले. त्यांनी एकच विचारलं, “साहेब, पॉइंटचा गॅप कधी करता?”

“सगळ्यात शेवटी,” मी म्हणालो. “फीलर गेज घालून, अगदी पुस्तकाबरहुकूम.”

मेस्त्रींनी माझ्याकडे नव्हे, बायकोकडे पाहिलं. गॅप वाढला, की पॉइंट लवकर उघडतात. कमी झाला, की उशिरा. म्हणजे गॅप बदलला, की टायमिंग बदललंच. दर रविवारी तीन तास घाम गाळून लावलेलं टायमिंग मी शेवटच्या पाच मिनिटांत, फीलर गेज घालून, मोडून ठेवत होतो.

त्यांनी आधी गॅप केला. इंजिन गरम होऊ दिलं. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून तो मुठीत धरला, डोळे मिटले आणि इंजिनाचा आवाज चढेपर्यंत फिरवत नेला. “आता केसभर मागे,” ते स्वतःशीच म्हणाले आणि बोल्ट आवळला. मग दोन्ही स्क्रू, दोनेक मिनिटं. कात्रजच्या चढावर टॉप गिअरमध्ये पूर्ण रेस देऊन टिणटिण येते का ऐकलं. परत आल्यावर मी केलेल्या चहाचा ग्लास चालू इंजिनाच्या एअर क्लीनरवर ठेवला. चहाला बारीक कंप होता, पण ग्लास जागचा हलला नाही.

मेस्त्रींनी तो उचलून एक घोट घेतला आणि खाली ठेवला.

“साखर,” ते म्हणाले, “केसभर मागे घ्या, साहेब.”