साडेतीन सूत

अहो वहिनी, तो टॉवेल राहू द्या जरा, इकडे भिंतीपाशी या. त्या दिवशी दुपारी आमच्याकडून धाडकन आवाज आला म्हणून तुम्ही गॅलरीत आला होतात ना? भांडण नव्हतं हो! भाऊजींचा तो गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर. उंबऱ्यावरून ढकलत आणत होते, तर पुढचं चाक निघालं आणि गडगडत थेट तुळशीपाशी. खोकं एका कोपऱ्यावर बसलं. फरशीचा टवका उडाला, बाकी काही नाही.

तुम्ही पाहिलाय तो. हॉलमध्ये चादरीखाली असतो, ज्यावर मी रद्दी ठेवते आणि भाऊजी ती रोज खाली काढून ठेवतात, तोच. फेंडर कंपनीचा ट्विन रिव्हर्ब. हे मॉडेल 1963 साली निघालं, कारखाना कॅलिफोर्नियात फुलरटनला. आमचा नंतरचा, रुपेरी तोंडाचा. भाऊजी मुंबईत ऑर्केस्ट्रात वाजवायचे तेव्हा एका गोव्याच्या तारवट्याकडून घेतलेला. त्या काळी असल्या वस्तू दुकानात कुठून मिळणार? बोटीवरून कुणी आणील तेव्हा. आत काचेचे व्हॉल्व्ह, 12 इंची दोन स्पीकर, 85 वॉट. आपल्या गणपतीच्या मांडवातला अहुजाचा भोंगा त्याच्यापुढे काहीच नाही, असं भाऊजी म्हणतात. मला विचाराल तर दोन्ही सारखेच कान फोडतात. आणि वजन 29 किलो, म्हणजे भरलेला गॅस सिलिंडर! सत्तरीच्या माणसाने उचलायचा का तो?

“मग नवी चाकं आणायची, त्यात काय?” आमचे हेसुद्धा हेच म्हणाले. पिशवी घेऊन गेले रविवार पेठेत. दुकानदाराने विचारलं, “कॅस्टर प्लेटचं की दांडीचं? दांडी असेल तर किती सुताची?” हे म्हणाले, “गोल असतं ना, ते.” चाळीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला सूत काय कळणार! त्याने दिली खुर्चीची चाकं. घरी आणून बसवली, अगदी लोण्यासारखी आत गेली. यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू किल्लाच जिंकला. भाऊजींनी खोकं इंचभर उचललं आणि चारही चाकं खाली टपटप!

मग भाऊजींनी कपाटातून व्हर्निअर काढला. या खोक्याला तळाला लोखंडी सॉकेट ठोकलेली असतात आणि चाकाची दांडी त्यात नुसती दाबून बसवायची. स्क्रू नाही, नट नाही. दांडीची जाडी 7/16 इंच, म्हणजे साडेतीन सूत. खुर्चीच्या चाकाचीही जाडी तीच, म्हणून तर फसगत. पण लांबी? खुर्चीची दांडी सात सूत आणि हिला पाहिजे साडेअकरा. सॉकेट दांडीला पकडतं ते पार वरच्या टोकाला, तिथवर ती आखूड दांडी पोचतच नाही.

वरच्या मजल्यावरच्या काकांना सल्ला दिल्याशिवाय राहवतंय का? ते म्हणाले, 10 मिलिमीटरची दांडी घ्या आणि वर नळाची टेप गुंडाळा. गुंडाळली. भाऊजींनी गिटारची जाड तार छेडली मात्र, चाक खर्रर्र करायला लागलं. स्पीकर हादरला की खोकं हादरतं, खोकं हादरलं की ढिली वस्तू बोलतेच. परवा संध्याकाळी तुम्हाला मिक्सर बिघडल्यासारखा आवाज आला असेल, तो हाच.

सुतार आला, त्याने तर थेट ड्रिलच काढलं. म्हणे प्लेटवाली चाकं ठोकतो, आठ-दहा स्क्रू मारले की काम तमाम. भाऊजी खोक्यावर आडवेच पडायचे बाकी होते! ते पाइनचं लाकूड आहे म्हणे, कोपरे बोटांत बोटं गुंफून जोडलेले, त्याला भोकं पाडायची नाहीत. सुताराचं दुसरं म्हणणं मात्र मला पटलं होतं. प्लायची फळी घ्या, तिला खालून चाकं मारा आणि हा ठेवा वर. घरातल्या घरात तेवढं पुरे. पण ते ऐकायचं कुणी?

मग गिटारच्या दुकानात विचारलं. तिथला भाव तुम्हाला सांगत नाही, उगाच तुमचं बीपी वाढेल. वर महिनाभर थांबा म्हणे. गंमत अशी की ही चाकं काही गिटारवाल्यांची खास नाहीतच. अमेरिकेत खाटा, टेबलं, कपाटं यांना हीच दांडी चालते. तिकडे साध्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते. त्याच चाकाला डबी दिली, वर फेंडरचं नाव घातलं की झाला वाद्याचा सुटा भाग! रविवारी जुन्या बाजारात भाऊजींना भंगारात नेमकी तशी दांडी मिळालीसुद्धा. पण एकच. आणि तिचं रबर एका जागी उभं राहून राहून एका बाजूने चपटं झालेलं. फिरलं की लंगडतं.

हां, आता मुद्द्याचं. तुमची सूनबाई अमेरिकेतल्या एडिसनहून दिवाळीला येतेय ना? तिला म्हणावं, येताना चार चाकं आण. मी कागदावर लिहूनच देते: दांडीची जाडी 7/16, लांबी 1 पूर्णांक 7/16, चाक रबराचं, प्लास्टिकचं नको. सॉकेटसकट मिळाली तर उत्तमच, कारण मागचं एक सॉकेट हलतंय. नाही मिळालं तर फेव्हिकॉल आणि काड्या घालून बसवतील भाऊजी. चारही मिळून किलोच्या आतलं वजन.

काय म्हणालात? बॅग आधीच भरलीय? अहो, येताना चॉकलेटं कमी आणली तर कुणाचं काय बिघडणार आहे! आणि जाताना तिला कुरडया, सांडगे, मेतकूट सगळं माझ्याकडून. भाजणीसुद्धा? बरं, भाजणीसुद्धा. दोन किलो? वहिनी, चाकं चारच सांगितलीत हो मी!