सिक्लिडवाला

गप्पी पाळणारा माणूस पाहुण्यांना मासे दाखवतो. सिक्लिडवाला माशांचे गुन्हे सांगतो. "तो काळा बघितलात? ऑराटस. परवा त्या निळ्याची शेपटी फाडली." सांगताना आवाजात काळजी असेल असं आपल्याला वाटतं, असतो तो अभिमान.

स्वतः हा गृहस्थ रिक्षावाल्याने दहा रुपये जास्त मागितले की "जाऊ दे" म्हणून देऊन टाकणारा. ऑराटसची इंचभर पिल्लं विकताना दुकानदाराने "एकदम शांत मासा आहे, साहेब" म्हटलेलं असतं, आणि तेव्हा ती पिवळीधमक पिल्लं शांत असतातही. मग नर वयात येतो, अंगभर काळवंडतो, एका दगडाखाली ठाण मांडतो आणि चार फुटी टाकीचा सातबारा आपल्या नावावर करून घेतो. आफ्रिकेतल्या मालावी सरोवरात हे मासे खडकांवरचं शेवाळ खरवडून जगतात. तिथे हरलेल्याला पळायला जागा असते. इथे पळून पळून फिल्टरच्या मागे.

"खातात का हो हे?" असं कुणी विचारलंच, तर सिक्लिडवाला दुखावतो, पण खोटं बोलत नाही. "हे नाही. पण उजनीची चिलापी आणि गोव्याचं काळुंदर यांच्याच भावकीतले."

त्याचे उपाय ऐकण्यासारखे असतात. रविवारी सकाळी बनियनवर, खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून, तो सगळे दगड हलवतो. जुन्या हद्दी मोडल्या की सगळ्यांना नव्याने सुरुवात करावी लागते म्हणे. दुसरा उपाय: एका नराला तीन-चार माद्या. तिसरा बायकोला पटत नाही: मारामारी कमी करायची तर मासे वाढवायचे. गर्दीत एकालाच धरून बडवता येत नाही, हे खरं आहे. फक्त ते त्याला दर वेळी पगाराच्या दिवशीच सुचतं, आणि गर्दी वाढली की मोठा फिल्टर ओघाने आलाच.

एवढं करूनही भागलं नाही की तुरुंग. टाकीतच लटकवलेल्या जाळीच्या डब्यात मार खाणाऱ्याला नाही, मारणाऱ्याला टाकायचं. तो आत असताना बाहेरच्यांची उतरंड नव्याने लागते, आणि सुटून आला की तोच नवखा. ऑराटसही असाच आत गेला. आठवड्याने रात्री दिवा मालवून त्याने त्याला सोडलं. सकाळी चहाचा कप घेऊन टाकीसमोर बसला. दगडाखाली निळा होता, शेपटी अजून पुरती भरलेली नाही असा. ऑराटस फिल्टरच्या मागे.

"चांगली जिरली की!" बायको म्हणाली.

"अगं, पण काल रात्रीपासून काही खाल्लं नाहीये त्याने," म्हणत तो डबा शोधायला उठला. "या निळ्याला जरा आत टाकायला हवं."