गाणं त्याचं, वेळापत्रक तिचं

उन्हाळ्याची चाहूल लागली की पुण्यातल्या सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्यांवर दयाळ पक्षी पहाटेच्या रियाजाला बसतो. पेन्शनीतले आजोबा गॅलरीतून दाद देतात, रात्रपाळीहून नुकताच आडवा झालेला आयटीवाला देत नाही. या गडबडीत दयाळाची बायको कुणाच्या खिजगणतीतही नसते. दिसायला ती फिकट, राखाडी. घरटं रचणं बहुतांशी तिच्याकडे, अंडी उबवणं तर संपूर्ण तिच्याकडेच.

गाणाऱ्या पक्ष्यांचं कौतुक आपण नराच्या गळ्यावरून आणि पिसांवरून करतो. खरा कारभार मात्र मादीच्या पोटात चालतो. तिचा बीजकोश बहुधा एकच, डावीकडचा. तोही हंगामापुरता वाढतो आणि एरवी आक्रसून बसतो, कारण उडणाऱ्याला फाजील ओझं परवडत नाही. अंडं दिवसाला फार तर एक, तेही बहुतेक वेळा पहाटे. म्हणजे टाकीवर मैफल रंगात आलेली असते, तेव्हा बाईसाहेब खाली घरट्यात खरं काम उरकत असतात.

त्या अंड्याच्या कवचाला चुना लागतो. इवल्याशा हाडांत तो फारसा साठवता येत नाही, म्हणून मादी गोगलगायींचे शंख, खडे, भिंतीचा चुना असं काहीबाही टिपत राहते. नेदरलंड्समधल्या काही जंगलांत आम्लवर्षेनं माती बिघडली, गोगलगायी कमी झाल्या आणि तिथल्या रामगंगा पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ, तकलादू होऊ लागली. नर काय, गातच होते.

उबवणीची वेळ आली की मादीच्या पोटावरची पिसं गळतात आणि उघड्या कातडीखाली रक्त खेळू लागतं. अंड्यांना ऊब मिळते ती तिथून. चिमणा अंड्यांवर पाळीनं बसतो हे खरं, पण असा उबेचा पट्टा त्याला नसतो. मदतीची भावना चांगली आहे, एवढंच म्हणू.

बाल्कनीतल्या बोगनवेलीवर लोंबतं घरटं बांधणारा जांभळा सूर्यपक्षी पुण्याला नवा नाही. काडीकचरा कोळ्याच्या जाळ्यानं सांधून हे बांधकाम करते ती मादी, आणि तिचं वजन दहा ग्रॅमच्या आसपास! एवढ्याशा देहाला झेपतील अशी दोन-तीनच अंडी ती घालते. नर पिल्लांना भरवायला हातभार लावतो. वीण संपली की त्याची झळाळी उतरते आणि तो बराचसा बायकोसारखाच दिसू लागतो. लग्नसराई आटोपल्यावर भाड्याची शेरवानी परत करावी, तसं.

सुगरण पक्ष्यांत तर मादीचा निकाल फारच कडक. 1930च्या पावसाळ्यात पक्षीतज्ज्ञ सालिम अली अलिबागजवळच्या किहीमला राहत होते. नोकरी गेली होती, वेळ भरपूर होता, आणि समोर सुगरणींची वसाहत होती. पिवळेधमक नर घरटी अर्धवट विणून पंख फडफडवत आरोळ्या ठोकतात. माद्या येऊन तपासणी करतात आणि पसंत पडलं तरच मुक्काम टाकतात, हे त्यांनी तिथं नीट टिपलं. घर पसंत पडलं की नर ते पूर्ण करतो आणि लगेच पुढच्या घरट्याच्या, अर्थात पुढच्या बायकोच्या, तयारीला लागतो. अंडी उबवणं एकट्या मादीवर. सगळा भार आपल्याच अंगावर पडणार असेल, तर घर पारखून घेण्यात तिचं काय चुकलं? नंतरच्या अभ्यासात तर असंही दिसलं, की विणकामापेक्षा घरट्याच्या जागेकडे तिचं लक्ष जास्त असतं. हे पुणेकराला वेगळं समजावून सांगायला नको.

मादी पाहायला येते त्या अर्ध्या घरट्याला अभ्यासक ‘हेल्मेट’ म्हणतात. हेल्मेटला इतक्या राजीखुशीनं मान्यता देणारी पुणे परिसरातली बहुधा ती एकटीच.

तेव्हा एक विनंती. बाल्कनीच्या कोपऱ्यातलं कोळ्याचं एखादं जाळं उन्हाळाभर राहू द्या. बोगनवेलीची छाटणी पिल्लं उडेपर्यंत लांबवा. घरात अंडी होत असतील तर टरफलं ओव्हनमध्ये भाजून, चुरून कठड्यावर ठेवा. पाहुणे काय म्हणतील याची काळजी करू नका, पुण्यात पाहुणे तसेही वेळ विचारूनच येतात.