वॉलआयची मोहीम

लेक ऑफ द वुड्स हे सरोवर अमेरिकेतील मिनेसोटा आणि कॅनडातील ऑन्टॅरिओ व मॅनिटोबा यांत विभागले गेले असून त्यात १४ हजारांहून अधिक बेटे आहेत. मिनेसोटात वॉलआय माशाचा हंगाम मेच्या मध्याला खुला होतो. हा मुहूर्त बहुधा मातृदिनाच्या शनिवार-रविवारीच येतो. मासेमारीच्या मोहिमेवर निघणारे मित्रमंडळ तारीख ठरवते, तेव्हा हा योगायोग एकाही मित्राच्या ध्यानात येत नाही.

वॉलआयच्या डोळ्यात प्रकाश परतवणारा थर असल्याने त्याला अंधूक उजेडात उत्तम दिसते, म्हणून तो पहाटे आणि तिन्हीसांजेला चरतो. मित्रमंडळ रात्री उशिरापर्यंत पत्ते कुटून ऊन चढल्यावर होडीत बसते. सोनार यंत्राच्या पडद्यावर मासे लख्ख दिसतात, पण गळाला लागत नाहीत. मग दोष जिगच्या, म्हणजे डोक्याशी शिशाची गोळी असलेल्या गळाच्या, रंगावर जातो. हिरवा उतरतो, केशरी चढतो. माशाला विचारतो कोण?

खरा पेच मासा लागल्यावर. सरोवराच्या मिनेसोटाकडील पाण्यात १९.५ ते २८ इंची वॉलआय परत सोडावा लागतो. माप घेताना शेपटीची दोन्ही टोके चिमटीत जुळवायची असतात. त्याने लांबी किंचित वाढते आणि ताटात येऊ घातलेला मासा कायद्याच्या कचाट्यात सापडतो. फोटो काढून त्याला सोडतात. पुढे गप्पांत तो दर वर्षी वाढतो, पुरावा तर पाण्यातच.

दुपारी बेटावर चूल पेटते. मासे तळायचा बेत असतो. बरेचदा बटाट्यांवरच भागते.