एका घोड्याचा गाजावाजा

कंपनीचा सायलेन्सर काढून बाजारातला जाड, चकचकीत पाइप बसवणाऱ्याला कारण विचारून बघा. तो आवाजाचं नावही काढणार नाही. इंजिन मोकळं होतं, पिकअप वाढतो, टॉपला गाडी ओढते, असं तो सांगेल. आवाज? तो काय, आपोआप येतो. हा दावा पुण्या-मुंबईत तपासणं अवघड आहे. तिथे पहाटे तीनला का होईना, एखादा सरळ मोकळा रस्ता सापडतो आणि संशयाचा फायदा पाइपाला द्यावा लागतो. म्हणून ही तपासणी धडगावात व्हावी असं माझं म्हणणं आहे. नंदुरबार जिल्ह्यातला धडगावचा अक्राणी तालुका म्हणजे सातपुड्याच्या घड्याच घड्या. तळोद्याकडून यायचं तर चांदसैलीचा घाट आडवा, तोरणमाळला चढायचं तर वळणावर वळणं, आणि पावसाळ्यात घाटात कधी दरड येईल याचा नेम नाही. इथे स्पीडोमीटरचा काटा उजवीकडे झुकण्याची संधी क्वचितच येते. पाइपाच्या हिशेबातून वेग वजा केला की काय उरतं, ते इथे उघडं पडतं. माझ्या मते आवाज उरतो, आणि मुळात पैसे त्याचेच मोजलेले असतात.

आधी पाइपाची बाजू नीट मांडतो, कारण ती खोटी नाही. इंजिनच्या तोंडाशी कंपनी बहुधा बिडाचा आखूड मॅनिफोल्ड देत आली: स्वस्त, दणकट, कमी जागेत मावणारा. चारही सिलिंडरांचा धूर त्यात एकमेकांच्या अंगावर पडत घुसतो. हेडर बसवला की प्रत्येक सिलिंडरला आपली वेगळी नळी मिळते, सगळ्या सारख्या लांबीच्या, आणि पुढे त्यांचा संगम होतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट त्या नळीतून ध्वनीच्या वेगाने निघते. गरम वायूत हा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास असतो. लाट संगमाशी पोचली की तिथून कमी दाबाची लाट उलटी फिरते. ती नेमक्या क्षणी व्हॉल्व्हपाशी परतली तर सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून काढते आणि ताज्या हवेला जागा करून देते. गोची त्या नेमक्या क्षणाची आहे. नळीची लांबी ठरलेली, इंजिनचे फेरे मात्र सतत बदलणारे. त्यामुळे प्रत्येक पाइप फेऱ्यांच्या एका ठरावीक पट्ट्यातच प्रामाणिक राहतो. आखूड, रुंद नळी वरच्या फेऱ्यांना साथ देते, लांब आणि बारीक नळी खालच्या. म्हणून शर्यतीची गाडी बांधणारे कॅमशाफ्ट, हेड आणि ट्यूनिंग यांचा मेळ घालून मगच नळी कापतात. आपल्याकडे २००० साली आलेल्या होंडा सिटी व्हीटेकवर, दीड लिटरच्या आणि १०६ घोड्यांच्या त्या गाडीवर, हेडरवाल्यांनी जीव टाकला तो उगाच नाही. तिचं इंजिन वरच्या फेऱ्यांतच खुलायचं. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेसला अशी गाडी उभी राहिली तर तिच्या पाइपाबद्दल माझी काही तक्रार नाही. तिथे विमानं उतरायची सोय आहे. चांदसैलीत दोन एसट्या समोरासमोर आल्या तरी विचार करावा लागतो.

पण हा छंद आपल्याकडे खरा फोफावला तो चारचाकीवर नव्हे, बुलेटवर. ‘इंदोरी फटाका’ या नावाने ओळखला जाणारा सायलेन्सर खेड्यापाड्यांत पोचायला चार सिलिंडर लागत नाहीत, एक पुरतो. आता हिशेब. सध्याची साडेतीनशे सीसीची बुलेट ६१०० फेऱ्यांवर २०.२ घोड्यांची ताकद देते. पाइपाने पाच टक्के वाढ दिली असं उदारपणे धरू. बाकी काही न बदलता नुसता पाइप लावल्यावर एवढं धरणंही दानधर्मच आहे. तरी हाती येतो एक घोडा. आता तोरणमाळला चढा. समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास हवा जवळजवळ दहा टक्के विरळ होते, आणि टर्बो नसलेलं इंजिन तेवढीच ताकद गमावतं. म्हणजे पाइपाने दिला एक घोडा आणि डोंगराने नेले दोन. शिवाय पाइपाचा घोडा सहा हजार फेऱ्यांच्या वर भेटतो, आणि घाटात दुसऱ्या गिअरमध्ये मालक असतो त्याच्या निम्म्यावर. तिथे लागतो टॉर्क, आणि तो या इंजिनात चार हजार फेऱ्यांवर सर्वाधिक मिळतो. आवाज दाबणारी आतली जाळी काढलेल्या रुंद पाइपात खालच्या फेऱ्यांवर वायूचा वेग मंदावतो, त्यामुळे चढाला नेमका टॉर्कच मार खातो. आता दुसरा रकाना, आवाजाचा. १७५ सीसीवरच्या मोटरसायकलला कारखान्यातून निघताना आवाजाची मर्यादा आहे ८० डेसिबल. फटाका पाइपाने तो १०० वर नेला तर ध्वनीची शक्ती वीस पट नव्हे, शंभर पट होते, कारण डेसिबलचं माप असंच चढतं. ताकदीतली पाच टक्के वाढ त्याच मापाने मोजली तर जेमतेम ०.२ डेसिबल भरते. ज्या वस्तूने एका रकान्यात ०.२ आणि दुसऱ्यात २० जमा केले, ती कोणत्या रकान्यासाठी घेतली हे सांगायला चार्टर्ड अकाउंटंट लागत नाही. आणि एक जादा घोडा हवाच असेल तर याच जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे घोडा दात बघून घेता येतो.

यावर कोणी म्हणेल, बुलेटचं सोडा, मोटारीचं बोला. बोलू. सातपुड्यात कामगिरी दाखवणारी मोटार म्हणजे आठवडे बाजाराच्या दिवशीची प्रवासी जीप. आरसी बुकात लिहिलेली माणसं आत, न लिहिलेली मागे लटकलेली, टपावर धान्याची पोती आणि पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि हे सगळं पहिल्या गिअरमध्ये चढ चढतं. तिचं डिझेल इंजिन टर्बोवालं असेल तर टर्बो मॅनिफोल्डलाच चिकटलेला असतो. त्या धुरानेच त्याचं चक्र फिरतं. हेडरच्या सुंदर नळ्या तिथे घालायच्या कुठे आणि कशासाठी? नव्या पेट्रोल गाड्यांनी तर हा प्रश्नच मिटवून टाकला आहे. अनेक इंजिनांत मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो आणि त्याला लागूनच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तो उडवला तर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम अशा धातूंचा ऐवज भंगारात जातो, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, आणि १ एप्रिल २०२० पासून लागू असलेल्या बीएस-६च्या नियमांचा मुडदा पडतो तो वेगळाच. शहरातला हौशी तरुण मात्र ज्या घुमाऱ्यासाठी हजारो रुपये आणि स्टेनलेस स्टीलचा ३०४ नंबर मोजतो, तो घुमारा डोंगरातल्या जुन्या जीपला फुकट मिळतो. फरशी पुलावरचं पाणी पाइपात शिरतं, सायलेन्सर गंजतो, एखाद्या धोंड्यावर आपटून तारेने बांधला जातो, मॅनिफोल्डचं पॅकिंग उडतं, आणि एमएच ३९ नंबरची जीप इटालियन स्पोर्ट्स कारच्या थाटात गर्जायला लागते. तिचा ड्रायव्हर पहिल्या संधीला ते वेल्डिंग करून घेतो. गर्जना ऐकून कोणी भाडं जास्त देत नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. ज्याचं पोट गाडीवर आहे त्याला आवाज म्हणजे बिघाड वाटतो, आणि ज्याचं पोट दुसऱ्या कशावर तरी भरलेलं आहे त्याला तोच सुधारणा वाटतो. माझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम साक्षीदार हाच ड्रायव्हर.

सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा. मोठा आवाज जीव वाचवतो, घाटातल्या वळणापलीकडच्याला आधीच कळतं, असं पाइपवाले सांगतात. हा युक्तिवाद ऐकायला दणदणीत आहे, पण पाइपाचं तोंड मागे असतं. म्हणजे ज्यांना नुकतंच ओलांडलं, जे आता धोक्यातून सुटले, त्यांना सर्वांत स्पष्ट इशारा मिळतो. समोरून येणाऱ्याला जो पोचतो तो डोंगराच्या अंगावरून आपटून, दऱ्यांत फिरून पोचतो. गाडी वर आहे की खाली, येते आहे की गेली, याचा त्याला पत्ता लागत नाही. वळणासाठी हॉर्न नावाची वस्तू कंपनी देते, तीही पुढच्या बाजूला आणि बटण दाबल्यावरच वाजणारी. दुसरा आक्षेप सांस्कृतिक: सातपुड्यात होळीला पावरा आणि भिल्लांचे ढोल रात्रभर घुमतात, ते चालतात आणि पाइप तेवढा खुपतो? खुपतो. ढोल वाजवणारा स्वतः तिथे उभा असतो, त्याच्याभोवती माणसं नाचतात, लांबच्या पाड्यांवरून माणसं त्या रोखाने चालत येतात, आणि होळी संपली की ढोल खाली ठेवला जातो. फटाका पाइपाला ना ताल ना मुहूर्त, आणि त्याच्या दिशेने कोणी चालत येत नाही, फार तर पोलीस येतात. तेही रिकाम्या हाताने नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम प्रत्येक वाहनाला सायलेन्सर सक्तीचा करतो, त्यातून ट्रॅक्टरसुद्धा सुटलेला नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या १९०व्या कलमात २०१९च्या दुरुस्तीनंतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्हीची सोय आहे. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवर रोडरोलर फिरवला. हा सोहळा धडगावात करायचा झाल्यास एकच विनंती, रोलर आलाच आहे तर आधी रस्त्यावर फिरवावा.

‘माझी गाडी, माझे पैसे’ हा आक्षेप मी मान्यच करतो, अट एवढीच की आवाजही स्वतःपुरता ठेवावा. तसं करता येत नाही यातच सगळं आलं. हेल्मेट घातलेल्या, पाइपाच्या तोंडापुढे बसलेल्या मालकाला स्वतःची खरेदी सर्वांत कमी ऐकू येते. ती ऐकायला दुसरे लागतात. आवाज दाबण्याचा उद्योग सुरू झाला तो याच दुसऱ्यांसाठी. अमेरिकेत इंडियानातल्या रीव्हज बंधूंनी १८९७ साली इंजिनाच्या मफलरचं पेटंट घेतलं. पुढे हायरम पर्सी मॅक्सिम या गृहस्थांनी बंदुकीचा सायलेन्सर शोधून काढला आणि त्यांच्या कंपनीने इंजिनांचेही सायलेन्सर बनवले. त्यांचे वडील म्हणजे मशिनगनचे जनक, आणि गोळीबार ऐकून ऐकून बहिरे झालेले. बापाने केलेला आवाज मुलाने निस्तरल्याचं एवढं चोख उदाहरण दुसरं नसेल. आमच्याकडे उलट क्रम आहे, बापाने शांतपणे चालवलेली बुलेट मुलगा घेतो आणि पहिल्याच महिन्यात जाळी काढतो.

यानंतरही कोणाला पाइप ताकदीसाठीच लावतात असं वाटत असेल, तर विजेच्या गाड्यांकडे बघावं. तिथे धूर नाही, व्हॉल्व्ह नाही, लाट परतायला नळी नाही. वाद मिटायला हरकत नव्हती. पण अमेरिकेतल्या डॉज कंपनीने २०२२ मध्ये विजेवरची चार्जर गाडी दाखवली तीच मुळी एक्झॉस्टसकट. मागच्या बाजूला खास पोकळ्यांतून घुमवून १२६ डेसिबलपर्यंत आवाज काढण्याचा दावा त्यांनी अभिमानाने केला. इंजिन गेलं, धूर गेला, अश्वशक्तीशी असलेला शेवटचा संबंधही गेला, आणि पाइप जागच्या जागी. अशी गाडी कधी चांदसैली चढून धडगावात आलीच, तर इथला वेल्डर तिला मागेल तेवढ्या जाडीचा पाइप बसवून देईल. फक्त पुढचं टोक कशाला जोडायचं, हे त्याला मालकालाच विचारावं लागेल.